कढईतले तेल पेटले, स्वयंपाकघर काळे झाले. चतुर्थीआधी रंग काढावा का?

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका घरून आला आहे. चिऱ्यांचे जुने घर, मागे चुलीची जुनी खोली आणि तिला लागून दहा-बारा वर्षांपूर्वी स्लॅब घालून बांधलेले गॅसचे स्वयंपाकघर. वडे तळताना आई दारावर आलेल्या कुणाशी बोलत राहिली आणि कढईतले तेल पेटले. ज्वाळेने वरचा एक्झॉस्ट फॅन आणि बाजूची प्लास्टिकची मांडणी वितळली. शेजाऱ्याने आपल्या दुकानातले पावडरचे सिलिंडर आणून आग विझवली. कुणाला इजा झाली नाही. या गोष्टीला आठवडा झाला. भावाने एक भिंत ओल्या फडक्याने पुसून पाहिली तर ती आणखी बिघडली. पेंटर म्हणतो, दोन हात मारले की सगळे झाकेल. गणेश चतुर्थीला चोवीस दिवस उरलेत. काय करावे?

सगळ्यात आधी पेंटरला थांबवा. तो खोटे बोलत नाही, झाकेल खरेच, पण फार तर पंधरा दिवस. मी फोंड्याहून रंगकामाची आणि सफाईची कामे घेतो, बावीस वर्षे झाली. सुरुवातीच्या वर्षांत असेच एक धुराने काळे झालेले स्वयंपाकघर मी सरळ प्रायमर आणि दोन हात इमल्शन, म्हणजे पाण्याचा रंग, मारून पांढरेशुभ्र करून दिले. लोक खूश, मीही खूश. पावसाळ्यात फोन आला. जाऊन बघतो तर भिंतीवर चहा सांडल्यासारखे पिवळट-तपकिरी डाग, आणि दार उघडताच तोच जळका वास. काजळीतला तेलकट, डांबरासारखा भाग पाण्याच्या रंगातून वर झिरपतो, त्याला कितीही हात मारा. ते काम मी पदरच्या पैशाने पुन्हा केले. तेव्हापासून धुराच्या घरात रंगाचा डबा मी शेवटी उघडतो.

चोवीस दिवस पुरेसे आहेत. फक्त क्रम चुकवू नका.

आज करायचे काम सफाईचे नाहीच. एक्झॉस्ट फॅन वितळला म्हणजे त्याची वायर आणि जवळचे स्विचबोर्ड शेकले असणार. त्या खोलीचा एमसीबी (मेन बोर्डावरचा स्विच) पाडून ठेवा, इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्ड उघडायला लावा. काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन, आणि त्यातून वीज वाहू शकते. बोर्डाच्या आत काजळी आणि पावडर बसलेली असताना कुणी ओल्या हाताने बटण दाबले तर दुसरी आग तिथून सुरू होईल. गॅसची रबरी नळी बाहेरून धड दिसली तरी बदला. तिच्यावर छापलेली मुदत बहुतेक पाच वर्षांची असते, पण एकदा ज्वाळेजवळ आलेल्या नळीला मुदत विचारायची नसते. रेग्युलेटर एजन्सीकडून तपासून घ्या. काम चालू असताना गॅसचा वास आला तर कुठलेही बटण न दाबता दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, तो ओट्याखाली आणि जमिनीलगत साचतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

घराचा विमा असेल तर काहीही पुसण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा: छत, भिंती, वितळलेला फॅन, कपाटांच्या आतला भाग. स्वच्छ केलेल्या भिंतीची भरपाई मागायला गेलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. लोक धूर म्हटला की एकच समजतात. प्रत्यक्षात काय जळले त्यावर भिंतीवर काय बसले ते ठरते, आणि काय बसले त्यावर ते कशाने निघेल ते. लाकूड-कागद भडकून जळला तर कोरडी, भुरभुरीत काजळी बसते, ती त्यातल्या त्यात सोपी. प्लास्टिक किंवा रबर जळले तर काळी, ओढली तर तार निघावी अशी चिकट काजळी बसते, ती फडक्याने फक्त पसरते. वायरींवरचे पीव्हीसी जळले तर त्या धुरात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची वाफ असते. ती स्टीलच्या नळावर, बिजागऱ्यांवर, पितळेच्या भांड्यांवर बसली की आठवड्याभरात बारीक ठिपके पडू लागतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते जोरात वाढतात. तिसरा प्रकार अन्न करपल्याचा. मासळी, मटण, डाळ भांड्यात करपत राहिली तर भिंत काळी होतच नाही. एक फिकट पिवळसर, मेणचट थर घरभर बसतो. डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला सोडत नाही.

तुमच्याकडे तेल आणि प्लास्टिक दोन्ही जळले आहे, आणि वायरही. म्हणजे काजळी ओशट आहे, चिकट आहे, थोडी आंबटही आहे. शिवाय वरून पावडर.

तर आधी पावडर. दुकानांत सहसा एबीसी पावडरचे सिलिंडर असते, त्यातला मुख्य पदार्थ मोनोअमोनियम फॉस्फेट. कोरडी असताना ती फारसा त्रास देत नाही. ओल लागली की आम्लधर्मी होते आणि धातू खाऊ लागते. म्हणून ती पाण्याने धुवायची नाही, आधी कोरडीच गोळा करायची. मऊ झाडूने हलक्या हाताने, सुपलीत. घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनर काढू नका. इतकी बारीक धूळ त्याच्या पिशवीतून आरपार जाते आणि मागच्या बाजूने पुन्हा खोलीत उडते. काजळीचेही तसेच. हेपा फिल्टरचे (अगदी बारीक धूळही अडवणारे) मशीन भाड्याने मिळाले तर उत्तम, त्याचे तोंड भिंतीला न टेकवता बोटभर लांब धरायचे. टेकवले की रेघ उमटते. पावडर निघाली की ओटा, नळ, शेगडी, बिजागऱ्या खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, साध्या पाण्याने पुसून कोरड्या करा. गरम शेगडीवर पडलेली पावडर वितळून काचेसारखी चिकटली असेल, तिथे कोमट पाण्याचे फडके अर्धा तास ठेवून द्या, खरवडू नका.

तोंडाला एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे. कामाची पोरे मास्क गळ्यात लटकवतात, म्हणून जरा खडसावून सांगतो. काजळीने कर्करोग होतो हे १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये पाहिले होते, आणि तो रोग फुप्फुसाचा नव्हता, कातडीचा होता. काजळी अंगावर वागवायची गोष्ट नाही. संध्याकाळी काम संपले की आधी आंघोळ, मग चहा.

आता भिंती. छतापासून सुरू करा. पंखा बंद. जमिनीवर आणि ओट्यावर ओली वर्तमानपत्रे अंथरा, खाली पडणारी काजळी त्यांना चिकटते. पहिला हात पूर्ण कोरडा: मऊ, रुंद रंगाचा ब्रश, वरून खाली, न घासता, नुसते झटकत. कोपऱ्यांत जळमटांसारख्या काळ्या तारा लोंबताना दिसतील. ती कोळ्याची जाळी नव्हे. धुरातले कण एकमेकांना चिकटून तसे लोंबतात. आठवडाभर अंगणातले नारळ मोजत बसला होता का, असे म्हणत नाही, पण या तारा पहिल्या दिवशी सहज निघाल्या असत्या.

दुसरा हात कोरड्या स्पंजचा. काजळी काढायचा खास रबरी स्पंज मिळतो, ऑनलाइन मागवता येतो, दिसायला विटेसारखा, आणि तो कधीही ओला करायचा नाही. एका दिशेने, प्रत्येक ओढ मागच्या ओढीवर थोडी चढवत, खोडरबरासारखा फिरवायचा. पृष्ठभाग काळा झाला की सुरीने पातळ काप काढून टाकायचा, खाली नवा रबर निघतो. एका स्वयंपाकघराला चार-पाच लागतात. ओशट काजळीला तो पुरा पडत नाही, हे आधीच सांगतो. शेगडीच्या वर, फॅनच्या भोवती तो नुसता घसरेल. पण उरलेल्या तीन भिंतींवरचे आणि छतावरचे अर्धे काम तो करतो, आणि ते अर्धे काम न करता पाणी लावले की काय होते ते तुमच्या भावाने पाहिले आहेच.

स्पंज येईपर्यंत थांबायचे नसेल तर एक जुनी युक्ती आहे, हलक्या काजळीपुरती. आदल्या दिवशीच्या उंड्याचे, म्हणजे गोल पावाचे, कवच काढा, आतला मऊ गाभा मुठीत दाबून भिंतीवर फिरवा. काजळी त्यात ओढली जाते. युरोपात घराघरांत कोळशाच्या शेगड्या असताना भिंतींवरचे कागद पावाने पुसत. पोरे खेळतात ती प्ले-डो मातीसुद्धा मुळात भिंतीवरच्या कागदांची कोळशाची काजळी काढायची कणीकच होती, १९५६ साली ती खेळणे म्हणून बाजारात आली. पदेराला, म्हणजे पाववाल्याला, अर्थात हे सांगू नका, आणि चुरा लगेच झाडून काढा, नाहीतर मुंग्या.

भावाने पुसलेल्या भिंतीचे काय? तिथे काजळी पाण्यासोबत रंगाच्या छिद्रांत गेली आहे. कोरडा स्पंज तिथे काही करणार नाही. ती भिंत धुवायची, मग पॉलिश पेपरने हलकी घासायची, आणि जे राहील ते प्रायमरखाली बंद करायचे. आणखी पुसू नका एवढेच. भावाला बोलूही नका, दहांतले आठ लोक हेच करतात.

कोरडे काम संपले की धुणे. अर्धी बादली कोमट पाणी, म्हणजे साधारण पाच लिटर, त्यात तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक झोत. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा. किराणा दुकानात सुटा मिळतो. तो तेलकट थराचा साबण करून टाकतो आणि आंबटपणा मारतो, म्हणून तुमच्यासारख्या तेल-प्लास्टिकच्या धुराला तोच खरा. दुसऱ्या बादलीत साधे पाणी. फडके सोड्याच्या पाण्यात बुडवून चांगले पिळा, आणि भिंत खालून वर धुवा. हे ऐकून सगळे हसतात. वरून धुतले तर काळे पाणी खालच्या कोरड्या भिंतीवर ओघळते, कोरडा रंग ते पिऊन घेतो, आणि त्या रेघा मग निघत नाहीत. खालचा भाग आधीच ओला असला की ओघळ घसरून जातो. खंगाळताना मात्र वरून खाली. हातभर रुंद, हातभर उंच तुकडा घ्या, धुवा, खंगाळा, कोरड्या फडक्याने टिपा, पुढे सरका. बादलीतले पाणी काळे झाले की फेका. लोक इथेच आळस करतात आणि तेच काळे पाणी पुन्हा भिंतीला चोपडतात.

शेगडीच्या वरच्या भागाला दोन-तीन फेऱ्या लागतील. टाइल्सच्या सांध्यांत सोड्याची ओली लपटी भरून वीस मिनिटे ठेवा आणि जुन्या टूथब्रशने काढा.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो. घाण जात नाही म्हणून कुणी संडासाचे अ‍ॅसिड आणते, कुणी ब्लीच, आणि तिसरा शहाणा दोन्ही एका बादलीत ओततो. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो माणूस पाडतो. ब्लीच अमोनियाच्या काच-क्लीनरमध्ये मिसळले तरी विषारी वायूच. काजळीवर ब्लीचचा तसा काही उपयोगही नाही, कार्बनचा रंग ब्लीचने उडत नाही.

सोडा कुठे लावायचा नाही तेही बघा. अ‍ॅल्युमिनियमला अजिबात नाही, ते काळवंडते. पॉलिश केलेल्या लाकडाला नाही. चुन्याच्या भिंतीला नाही. तुमच्या ओट्याचा काळा दगड नीट पाहा. ग्रॅनाइट असेल तर साबणाचे पाणी आणि सोडा दोन्ही चालते. कडाप्पा असेल तर लिंबू, व्हिनेगर, अ‍ॅसिड काहीही नको. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, आंबट लागले की त्याचा तुकतुकीतपणा कायमचा जातो आणि पांढुरके चट्टे राहतात. जुन्या घरात नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या असतील तर त्यांनाही हाच नियम. तांब्या-पितळेची भांडी आणि समया आधी सोड्याच्या पाण्याने धुवा, ओशटपणा पूर्ण गेल्यावरच चिंच किंवा सोले (आमसुले) चोळा. उलटे केले तर सोलांचा रस तेलकट थरावरून ओघळून जातो आणि आई म्हणते, यंदा सोलेच चांगली नाहीत. या भांड्यांना उशीर करू नका, ठिपके खोल गेले की ते घासून निघत नाहीत.

चुलीच्या जुन्या खोलीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण धूर तिथेही गेला असणार. तिथे एक घोळ होतो. वाशांवर आणि कौलांच्या खालच्या बाजूला जी काळी, चकचकीत, कडक काजळी आहे ती वर्षानुवर्षांच्या सोडणांच्या (नारळाच्या सालांच्या) आणि करवंट्यांच्या धुराची आहे. ती काढायच्या भानगडीत पडू नका. लाकडाला धूर बसला की कीड लागत नाही असे जुने लोक म्हणतात, आणि मी उतरवलेल्या कौलारू छपरांत चुलीवरचे वासे इतरांपेक्षा धड निघालेले पाहिले आहेत. बोट लावा. बोटाला लागली ती आगीची, नाही लागली ती आजीची. लागणारी तेवढी ब्रशने झटका. चुन्याच्या भिंती धुवायच्या नाहीत, चुना सुटून लपका होईल. कोरड्या झटका, मग पट्टीने वरचा चुना खरवडा आणि नवा चुना दोन-तीन हात द्या. तेलकट डाग तरीही वर येत असेल तर तिथला गिलावा हातभर काढून नवा करणे स्वस्त पडते. मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना कोरडा ब्रश लावू नका. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते, त्याचे तंतू छातीत जातात. ओल्या फडक्याने हलके पुसून सोडून द्या. जुन्या दारा-खिडक्यांच्या ऑइल पेंटचेही तसेच. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नका, पॉलिश पेपर ओला करून घासा आणि पोरांना लांब ठेवा.

खाण्याच्या वस्तूंवर दरवेळी घरात भांडण होते, म्हणून स्पष्ट सांगतो. त्या खोलीत उघडे असलेले, कापडाने तोंड बांधलेले, प्लास्टिकच्या पिशवीतले आणि पुठ्ठ्यातले सगळे फेकायचे. पिशवीतले तांदूळ, पीठ, सुकी मासळी, सुक्या मिरच्या, सगळे. प्लास्टिकमधून धुराचा वास आणि त्यातले पदार्थ आत जातात. चेपणीच्या तोरांची (मिठातल्या कैऱ्यांची) बरणी कापड बांधून ठेवलेली असेल तर तीसुद्धा. आईला वाईट वाटेल, मला माहीत आहे. आमच्याकडे एका आजीने मे महिन्यात घातलेले तोर फेकू दिले नाहीत, रात्री कुणी बघत नाही असे पाहून नातवाने फेकले. फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्याही आगीजवळ होत्या तर ठेवू नका. कारखान्यातून हवाबंद आलेले डबे फुगले-चेपले नसतील तर धुऊन वापरता येतात. फ्रिज बंद होता म्हणून आतले सुरक्षित, असे धरू नका. दाराचे रबर बारीक धूर पूर्ण अडवत नाही. आतले रिकामे करा, बर्फ फेका, खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, रबराच्या घडीत टूथब्रश घाला.

पडदे, पायपुसणी, एप्रन: आधी बाहेर झटका, सोड्याच्या पाण्यात भिजवा, दोनदा धुवा, उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा वाळवा. वास पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नको, उष्णतेने तो पक्का बसतो.

आता वास. रंगापेक्षा मला याचीच चिंता अधिक, कारण काळे दिसते, वास लपतो. म्हापशात एका फ्लॅटमध्ये बांगड्यांचे हुमण गॅसवर राहिले आणि घरची माणसे बाजारात गेली. आग नाही, भिंत काळी नाही, फक्त टोप करपला. आम्ही सगळ्या भिंती धुतल्या, छत धुतले, तरी संध्याकाळी दारे लावली की वास हजर. नऊ दिवस मी त्या घराच्या फेऱ्या मारल्या. सापडला तो तीन ठिकाणी: कपाटांच्या माथ्यावर, जिथे हात पोचत नाही म्हणून कुणी पुसले नव्हते, पडद्याच्या लाकडी पेटीच्या आत, आणि बेडरूमच्या एसीच्या जाळीत. एसी लावला की तो वास पुन्हा घरभर वाटत होता. तेव्हापासून मी वास शोधताना भिंत बघत नाही. दाराच्या चौकटीची वरची कड, भिंतीवरच्या घड्याळाची मागची बाजू, ट्यूबलाइटची पट्टी, ड्रॉवर बाहेर काढल्यावर मागे राहणारी पोकळी, सिंकखालचे प्लायवूड. धूर गार पृष्ठभागाकडे जातो आणि तिथे थंड होऊन बसतो, म्हणून बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाची पाठ आवर्जून तपासा. न रंगवलेल्या प्लायवूडला वास लागला असेल तर पुसून तो जात नाही; पूर्ण सुकवून त्याला चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, हात द्यायचा.

उदबत्ती, कापूर, धूप यांनी वास जात नाही, त्यात भर पडते. कोळशाचे तुकडे आणि खायच्या सोड्याच्या वाट्या बंद कपाटांत ठेवल्या तर थोडा फरक पडतो, स्वच्छ केल्यानंतर. आधी ठेवून उपयोग शून्य. कुणी ओझोनचे मशीन लावून देतो म्हणाला तर ते चालू असताना माणूस, मांजर, झाड काहीही घरात नको, आणि नंतर तासन् तास हवा खेळू द्यायची. ओझोन फुप्फुसाला लागतो आणि रबर खराब करतो. तुमच्या घराला त्याची गरज नाही, कौलारू घर स्वतःच श्वास घेते.

धुऊन झाले की आपल्या हवामानाशी गाठ. श्रावणातली भिंत फडक्याने टिपली तरी आतून ओली असते. दोन्ही बाजूंनी पंखे लावा, पाऊस नसेल तेव्हा खिडक्या उघडा, चार-पाच दिवस द्या. सुकली का हे हात लावून कळत नाही. वीतभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून थांबा.

मग प्रायमर. पाण्याचा साधा प्रायमर इथे नको, तो डाग अडवत नाही. स्लॅबच्या खोलीत सॉल्व्हंटवर चालणारा डाग-रोधक प्रायमर एक हात पूर्ण, शेगडीच्या बाजूला दोन. फॅनभोवतीचा जो भाग तीनदा धुऊनही तपकिरी राहील, तिथे आधी चपडा. सुताराकडचाच, फ्रेंच पॉलिशचा: लिटरभर स्पिरिटमध्ये साधारण दोनशे ग्रॅम, रात्रभर विरघळू द्यायचा, गाळून पातळ हात मारायचा. लाख डाग आणि वास दोन्ही बंद करते, तिच्यासारखे दुसरे काही मी वापरलेले नाही. सुकली की बारीक पॉलिश पेपरने तिची चमक मोडा म्हणजे वरचा रंग धरेल. स्पिरिट भडकते, त्या दिवशी सिलिंडर अंगणात, देवापुढचा दिवाही दुसऱ्या खोलीत. आणि हा इलाज डागापुरताच. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात आतून ओल ओढते, तिला पूर्ण लाखेने किंवा तेलाच्या प्रायमरने बंद केले तर फोड येतील. म्हणून चुन्याच्या खोलीला चुनाच.

दिवसांचा हिशेब: दोन दिवस वीज आणि पावडर, दोन दिवस कोरडे काम, तीन दिवस धुणे, चार-पाच सुकवणे. म्हणजे बाराव्या-तेराव्या दिवशी प्रायमर येतो. तो मारायच्या आदल्या रात्री एक करा. स्वयंपाकघराची सगळी दारे-खिडक्या लावून ठेवा, शक्यतो पाऊस पडत असताना, कारण दमट हवेत वास सुटतो. सकाळी तुम्ही आत जाऊ नका, तुमचे नाक इतक्या दिवसांत सरावलेले आहे. शेजारच्या वहिनींना बोलवा, आधी काही न सांगता दार उघडायला लावा. त्यांनी नाक मुरडले नाही तर पेंटरला फोन करा. मुरडले तर एक्झॉस्ट फॅन बसतो ती भिंतीतली पोकळी आधी बघा, तिथे हात घालून कुणीच धुतलेले नसते. नेवऱ्या (करंज्या) तळायचे काम मात्र यंदा त्यांच्याच घरी ठेवा, नव्या रंगाला दोन आठवडे तेलाची वाफ नको.